आरेखन-फाइलींची देवघेव : दृश्यरूप आणि घडण यांचा इतिहास (१९८० ते २०२३)

प्रस्तावना :

मुद्रणक्षेत्रात संगणकाचा प्रवेश होण्यापूर्वी अक्षरजुळणी करणारा, ब्लॉक तयार करणारा आणि यंत्र चालवणारा असे वेगवेगळे कारागीर असत. एकाचे काम दुसऱ्याच्या हाती जाताना प्रत्यक्ष वस्तूच हस्तांतरित होत असे. खिळ्यांची उंची जुळत असली, की एका छापखान्यात तयार झालेला जस्ताचा ब्लॉक दुसऱ्या छापखान्यातही वापरता येई. संगणकामुळे चित्र, अक्षर आणि मांडणी ही तिन्ही कामे एकाच पडद्यावर आली. परंतु काम दुसऱ्याच्या हाती देणे मात्र पूर्वीइतके सरळ राहिले नाही. एका आज्ञावलीत तयार केलेली आरेखनाची फाइल दुसऱ्या आज्ञावलीत उघडत नाही, उघडली तर मांडणी विस्कटते किंवा अक्षरे बदलतात, हा अनुभव या व्यवसायातील बहुतेकांच्या परिचयाचा आहे.

या प्रश्नाचा इतिहास समजून घेताना आरेखन-फाइलीचे दोन पैलू वेगळे करणे आवश्यक ठरते. पहिला पैलू म्हणजे तिचे दृश्यरूप, अर्थात कागदावर किंवा पडद्यावर जे दिसते ते. दुसरा पैलू म्हणजे तिची घडण. मजकूर कोणता, तो कोणत्या फाँटमध्ये आहे, एका स्तंभातील मजकूर पुढच्या स्तंभात कसा वाहतो, कोणती आकृती कोणत्या थरावर आहे, रेषेची जाडी नंतर बदलता येईल की नाही, या सर्व गोष्टी घडणीत मोडतात. दृश्यरूप छपाईला पुरते; दुरुस्तीला आणि पुनर्वापराला मात्र घडण लागते. गेल्या चार दशकांत दृश्यरूप एका आज्ञावलीतून दुसरीत नेण्याचा प्रश्न बव्हंशी सुटला, तर घडण नेण्याचा प्रश्न अद्याप अपुराच राहिला आहे. यामागील तांत्रिक आणि व्यापारी कारणांचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला असून मराठी मुद्रणावर झालेल्या परिणामांचीही चर्चा केली आहे.

अभियांत्रिकी आरेखनातील पहिले प्रयत्न :

फाइलींच्या देवघेवीचा प्रश्न मुद्रणाच्या आधी अभियांत्रिकीत उद्भवला. विमानासारख्या यंत्राचे सुटे भाग अनेक कारखान्यांत तयार होतात आणि प्रत्येकाची संगणकीय आरेखन प्रणाली वेगळी असते. दोन प्रणालींमध्ये थेट रूपांतर करायचे झाल्यास प्रत्येक जोडीसाठी व प्रत्येक दिशेसाठी स्वतंत्र रूपांतरक लागतो. पाच प्रणालींसाठी असे वीस रूपांतरक लागतात, तर दहा प्रणालींसाठी नव्वद. सर्वांना मान्य असे एक मध्यस्थ रूप ठरवल्यास प्रत्येक प्रणालीला केवळ दोन रूपांतरक पुरतात आणि दहा प्रणालींचे काम वीस रूपांतरकांत भागते.

या विचारातून अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेने बोइंग, जनरल इलेक्ट्रिक आदी उद्योगांच्या सहभागाने आयजीईएस हे मध्यस्थ रूप तयार करून १९८० मध्ये प्रसिद्ध केले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९८२ मध्ये, ऑटोकॅड ही आज्ञावली बाजारात आली आणि तिच्यासोबत डीएक्सएफ हे देवघेवीचे रूप उपलब्ध झाले. पहिले रूप समितीने ठरवलेले होते, तर दुसरे एका कंपनीने स्वतःच्या आज्ञावलीसाठी तयार केलेले होते. पुढील सर्व इतिहासात हे दोन मार्ग समांतर चाललेले दिसतात.

दोन्ही मार्गांच्या मर्यादाही लवकरच स्पष्ट झाल्या. आयजीईएसची व्याप्ती मोठी असल्याने प्रत्येक कंपनीने त्यातील आपल्या सोयीचा भाग स्वीकारला. परिणामी नावाने एकच असलेले रूप प्रत्यक्षात अनेक बोलींत विभागले गेले. डीएक्सएफचे वर्णन उघड होते, तथापि ऑटोकॅडच्या मूळ डीडब्ल्यूजी फाइलीची रचना तिच्या उत्पादकाने प्रसिद्ध केली नाही. ती अभ्यासाने उलगडण्यासाठी १९९८ मध्ये ओपन-डीडब्ल्यूजी अलायन्स ही संघटना स्थापन करावी लागली. देवघेवीसाठी दिलेले रूप आणि मूळ रूप यांत असे अंतर ठेवण्याची पद्धत पुढे मुद्रणविषयक आज्ञावलींतही दिसून येते.

पोस्टस्क्रिप्ट आणि ईपीएस :

झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात काम केलेल्या जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की यांनी १९८२ मध्ये ॲडोबी ही कंपनी स्थापन केली. पृष्ठाचे वर्णन करणारी त्यांची पोस्टस्क्रिप्ट ही भाषा १९८४ मध्ये तयार झाली आणि १९८५ मध्ये ॲपल कंपनीच्या लेझररायटर या मुद्रकात ती वापरली गेली. त्याच वर्षी ऑल्डस या कंपनीने पेजमेकर ही पृष्ठमांडणीची आज्ञावली प्रकाशित केली. या तीन घटकांच्या संयोगातून डेस्कटॉप पब्लिशिंगचा, म्हणजेच डीटीपीचा, उदय झाला.

पोस्टस्क्रिप्टमध्ये पृष्ठाचे वर्णन ठिपक्यांत न करता रेषा, वक्र आणि अक्षरे यांच्या आज्ञांत केले जाते. त्यामुळे तीच फाइल दर इंचाला ३०० ठिपके उमटवणाऱ्या लेझर मुद्रकावर आणि त्याहून कितीतरी सूक्ष्म काम करणाऱ्या फिल्मयंत्रावर आपापल्या क्षमतेनुसार उमटते. दृश्यरूप यंत्रनिरपेक्ष करण्याचे हे मोठे पाऊल होते.

एका आज्ञावलीतील चित्र दुसरीच्या पृष्ठावर बसवण्यासाठी याच भाषेवर आधारित ईपीएस हे रूप प्रचलित झाले. त्याची रचना मार्मिक होती. चित्राभोवतीच्या चौकटीची मापे फाइलीच्या प्रारंभी नोंदलेली असत आणि सोबत एक लहान ठिपकेदार प्रतिमा जोडता येई. पेजमेकरसारखी आज्ञावली पडद्यावर ही प्रतिमा दाखवी आणि छपाईच्या वेळी मूळ पोस्टस्क्रिप्ट आज्ञा मुद्रकाकडे जशाच्या तशा पाठवी. म्हणजे चित्र स्वीकारणाऱ्या आज्ञावलीला त्या चित्रातील काहीही समजण्याची गरज उरली नाही. दृश्यरूपाची देवघेव इतकी विश्वासार्ह होण्याचे कारण हेच होते. तथापि त्याच कारणाने ते चित्र पेजमेकरच्या दृष्टीने बंद पेटी राहिले. त्यातील एखादे अक्षर चुकले असल्यास मूळ आज्ञावलीकडे परत जाण्यावाचून गत्यंतर नसे.

छायाचित्रांच्या क्षेत्रात ऑल्डसने १९८६ मध्ये टिफ हे रूप प्रसिद्ध केले. निरनिराळ्या स्कॅनरांच्या प्रतिमा एका पद्धतीने साठवता याव्यात, हा त्यामागील हेतू होता. टिफमध्ये प्रतिमेची प्रत्येक माहिती क्रमांकित खुणेखाली नोंदवली जाते आणि नव्या खुणांची भर घालता येते. या लवचिकतेमुळे त्याचा प्रसार झाला. परंतु सर्व खुणा सर्व आज्ञावलींना कळत नसल्याने एकीकडे उघडणारी टिफ फाइल दुसरीकडे उघडेलच असे नसे. १९९२ च्या सहाव्या आवृत्तीत सर्वांनी पाळावयाचा किमान भाग निश्चित करून या अडचणीवर बऱ्याच अंशी मात करण्यात आली.

स्पर्धा, गोपनीयता आणि विलीनीकरण :

१९८७ मध्ये ॲडोबीचे इलस्ट्रेटर, १९८८ मध्ये ऑल्डसचे फ्रीहँड आणि १९८९ मध्ये कोरल या कॅनडातील कंपनीचे कोरलड्रॉ अशा रेखाचित्रणाच्या तीन प्रमुख आज्ञावली एकापाठोपाठ बाजारात आल्या. इलस्ट्रेटरच्या आरंभीच्या फाइली म्हणजे मोजक्याच आज्ञांपुरते मर्यादित पोस्टस्क्रिप्ट होते. त्यामुळे प्रतिस्पर्धी आज्ञावलींनाही त्या वाचणे शक्य झाले आणि इलस्ट्रेटरचे जुने रूप हीच काही काळ या क्षेत्राची सामायिक भाषा बनली. मात्र या भाषेत व्यक्त न होणारी वैशिष्ट्ये देवघेवीत गळून पडत. जे वैशिष्ट्य एका आज्ञावलीचे आकर्षण होते, तेच दुसरीकडे जाताना साध्या आकृतींत मोडले जाई. देवघेव आणि नावीन्य यांच्यातील हा विरोध मूलभूत स्वरूपाचा आहे, कारण सामायिक रूप नेहमी नव्या वैशिष्ट्यांच्या मागे असते.

या तांत्रिक मर्यादेच्या जोडीला व्यापारी धोरणही होते. ॲडोबीने उत्तम प्रतीच्या टाइप-१ फाँटची रचना प्रारंभी गुप्त ठेवली होती. १९८९ मध्ये ॲपल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी ट्रूटाइप या पर्यायी फाँट-तंत्रासाठी हातमिळवणी केल्यानंतरच, १९९० मध्ये, ती रचना प्रसिद्ध करण्यात आली. रचना खुली होण्यामागे स्पर्धेचा दबाव कसा काम करतो, याचे हे ठळक उदाहरण आहे.

स्पर्धा संपल्यावर काय घडते, याचे उदाहरण फ्रीहँडच्या इतिहासात सापडते. १९९४ मध्ये ॲडोबी आणि ऑल्डस यांचे विलीनीकरण झाले. इलस्ट्रेटर आणि फ्रीहँड एकाच मालकाकडे गेल्यास स्पर्धा नष्ट होईल, या कारणास्तव अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या हस्तक्षेपानंतर फ्रीहँड हे त्याच्या मूळ निर्मात्याकडे, म्हणजे अल्टसिस कंपनीकडे, परत गेले. अल्टसिस पुढे मॅक्रोमीडियाने घेतली आणि २००५ मध्ये ॲडोबीने मॅक्रोमीडिया विकत घेतली. २००७ मध्ये फ्रीहँडचा विकास थांबवत असल्याचे जाहीर झाले. ज्यांचे अनेक वर्षांचे काम फ्रीहँडच्या फाइलींत होते, त्यांच्यापुढे ते अन्य रूपात नेण्याचा किंवा जुने संगणक सांभाळण्याचा प्रश्न उभा राहिला. फ्रीहँडच्या काही वापरकर्त्यांनी २०११ मध्ये याबाबत अमेरिकेत न्यायालयीन दावाही दाखल केला. फाइलीची मालकी वापरकर्त्याची असली, तरी ती उघडण्याचे साधन दुसऱ्याच्या मालकीचे असते, ही बाब या प्रसंगाने अधोरेखित झाली.

पीडीएफ : दृश्यरूपाचा विजय

कोणत्याही संगणकावर तयार झालेला दस्तऐवज कोणत्याही संगणकावर जसाच्या तसा दिसावा, ही कल्पना वॉर्नॉक यांनी १९९०-९१ च्या सुमारास मांडली आणि तिच्यातून १९९३ मध्ये पीडीएफ हे रूप पुढे आले. पोस्टस्क्रिप्ट ही पूर्ण संगणकीय भाषा असल्याने पृष्ठ कसे दिसेल, हे ती संपूर्ण चालवून पाहिल्याशिवाय कळत नसे. पीडीएफमध्ये मांडणीचे केवळ अंतिम वर्णन ठेवण्यात आले आणि फाँटही फाइलीतच अंतर्भूत करण्याची सोय झाली. छापखान्याकडे फाइल पाठवताना फाँट सोबत जोडायचे राहून जाणे हे गोंधळाचे नेहमीचे कारण या सोयीने दूर झाले. छपाईसाठीच्या पीडीएफचे नियम पीडीएफ-एक्स या नावाने २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक बनले आणि २००८ मध्ये संपूर्ण पीडीएफचा आयएसओ मानकात समावेश झाला. एका कंपनीचे रूप अशा रीतीने सार्वजनिक झाले.

याच काळात इलस्ट्रेटरच्या अंतर्रचनेत झालेला बदल लक्षणीय आहे. २००० मध्ये आलेल्या नवव्या आवृत्तीत पारदर्शकतेचे वैशिष्ट्य आले आणि तिची मूळ फाइल पीडीएफवर आधारित झाली. अशा एका फाइलीत दोन भाग असू शकतात. पहिला पीडीएफचा भाग इतर आज्ञावलींना दिसतो, तर दुसऱ्या खासगी भागात इलस्ट्रेटरलाच कळणारी संपूर्ण घडण असते. फोटोशॉपच्या फाइलीतही याच्याशी साम्य असलेली योजना आहे. तिच्यात थरांच्या बरोबरीने सर्व थर एकत्र केलेली एक सपाट प्रतिमा साठवता येते, जेणेकरून थर न समजणाऱ्या आज्ञावलीलाही चित्र दाखवता यावे. दृश्यरूप सर्वांसाठी आणि घडण स्वतःसाठी, ही विभागणी येथे फाइलीच्या पोटातच झालेली दिसते.

घडणीच्या देवघेवीचे प्रयत्न :

घडण खुली करण्याचा सर्वांत महत्त्वाचा प्रयत्न वर्ल्ड वाइड वेबच्या निमित्ताने झाला. १९९८ मध्ये ॲडोबी व तिच्या सहकाऱ्यांनी पीजीएमएल आणि मायक्रोसॉफ्ट व तिच्या सहकाऱ्यांनी व्हीएमएल असे दोन प्रस्ताव डब्ल्यू-थ्री-सी या संस्थेपुढे ठेवले. कोणताही एक प्रस्ताव न स्वीकारता संस्थेने नवे एसव्हीजी हे रूप तयार केले आणि सप्टेंबर २००१ मध्ये त्यास शिफारस म्हणून मान्यता दिली. एसव्हीजी फाइल साध्या मजकुराच्या स्वरूपात असते. वर्तुळ हे वर्तुळ म्हणून आणि मजकूर हा मजकूर म्हणून नोंदवता येतो. २००३ मध्ये सुरू झालेल्या इंकस्केप या मुक्त आज्ञावलीने हेच आपले मूळ रूप मानले. मात्र अनेक पृष्ठांची पुस्तके आणि छपाईचे चार रंग या गरजा वेबसाठी तयार झालेल्या एसव्हीजीच्या कक्षेत पुरेशा येत नसल्याने मुद्रणात त्याची भूमिका मर्यादित राहिली.

पृष्ठमांडणीत इनडिझाइनची नवी फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही. त्यासाठी २००८ च्या आवृत्तीपासून आयडीएमएल हे मजकुराधारित रूप देण्यात आले. बंद रूपे अभ्यासाने उलगडण्याचे कार्य मुक्त आज्ञावलींच्या विकासकांनीही हाती घेतले. डॉक्युमेंट फाउंडेशनने २०१४ मध्ये सुरू केलेल्या डॉक्युमेंट लिबरेशन प्रकल्पात कोरलड्रॉ, फ्रीहँड आणि पेजमेकर यांच्या फाइली वाचणारी साधने उपलब्ध झाली. उत्पादकाने मागे ठेवलेले काम अशा प्रकारे समाजाने पुढे नेले.

मराठी मुद्रणावरील परिणाम :

रोमन लिपीच्या संदर्भात केवळ गैरसोयीचा वाटणारा हा प्रश्न मराठीच्या बाबतीत अधिक गंभीर झाला. पेजमेकर आणि कोरलड्रॉ यांनी मराठी छापखान्यांत घट्ट पाय रोवले, तेव्हा या आज्ञावली देवनागरी लिपी जाणत नव्हत्या. एका फाँटमध्ये फार तर २५६ जागा असत आणि त्या रोमन अक्षरांसाठी योजलेल्या होत्या. देवनागरीची अर्धी अक्षरे, मात्रा, रफार आणि जोडाक्षरे यांचे तुकडे याच जागांवर बसवून मराठी फाँट तयार झाले. पुण्यातील सी-डॅक, तसेच श्रीलिपी निर्माण करणारी मॉड्युलर इन्फोटेक यांसारख्या संस्थांनी या मर्यादेत राहून मराठी अक्षरजुळणी शक्य केली, हे त्यांचे ऐतिहासिक कार्य आहे. तथापि निरनिराळ्या उत्पादकांच्या फाँटमधील तुकड्यांची क्रमवारी वेगवेगळी होती. मजकूर साठवण्यासाठी इस्की हे भारतीय मानक १९९१ मध्ये निश्चित झाले आणि त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतही देवनागरीचा समावेश झाला. परंतु पेजमेकरच्या फाइलीत साठत राहिले ते फाँटमधील तुकड्यांचे क्रमांक.

याचा परिणाम असा झाला, की पडद्यावर शुद्ध मराठी दिसत असताना आज्ञावलीच्या लेखी तो मजकूर निरर्थक रोमन अक्षरांचा होता. तो विशिष्ट फाँट नसलेल्या संगणकावर फाइल उघडताच मराठीच्या जागी रोमन चिन्हे येत. मॅकिंटॉश आणि विंडोज यांच्यात फाइल नेताना आज्ञावली रोमनच्या हिशेबाने चिन्हांचे क्रमांक बदले आणि त्यामुळे तोच फाँट असूनही काही अक्षरे बिघडत. यावर व्यवसायाने शोधलेला उपाय म्हणजे फाइल कर्व्ह करून देणे. कोरलड्रॉमधील या सोयीने प्रत्येक अक्षराची केवळ बाह्यरेषा उरते. मग फाँट असो वा नसो, छपाई अचूक होते. पत्रिका, फलक आणि मुखपृष्ठे यांसाठी हा उपाय अत्यंत उपयुक्त ठरला. त्याची किंमत मात्र अशी, की कर्व्ह केलेल्या फाइलीत मराठी मजकूर मजकूर म्हणून शिल्लक राहत नाही. ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक सुधारण्यासाठीही तो शब्द पुन्हा टाइप करावा लागतो.

जुन्या फाँटमधील मजकुराची पीडीएफ केली, तरी अडचण पूर्णतः दूर होत नाही. अशी पीडीएफ वाचता येते व छापता येते. परंतु तिच्यातील मजकूर उचलून अन्यत्र घेतल्यास हाती रोमन चिन्हे येतात आणि मराठी शब्दाचा शोधही घेता येत नाही. त्या फाँटचा तक्ता उपलब्ध असल्यास युनिकोडमध्ये रूपांतर करता येते. कर्व्ह केलेल्या मजकुराला तर क्रमांकच नसल्याने तक्त्याचाही उपयोग होत नाही. तेथे चित्रावरून अक्षरे ओळखणाऱ्या तंत्राचा किंवा पुन्हा टंकलेखनाचा आधार घ्यावा लागतो. इनडिझाइनमध्ये मराठीसह दहा भारतीय भाषांची सोय २०१२ च्या आवृत्तीत आली. पेजमेकरची अखेरची सातवी आवृत्ती २००१ मधील आहे. मधल्या प्रदीर्घ काळातील मराठी पुस्तके, नियतकालिके आणि स्मरणिका यांचा मोठा साठा अशा फाइलींत आहे, की ज्यांचे दृश्यरूप टिकले तरी भाषा हरवण्याचा धोका आहे.

२०२३ मधील एका घटनेने हे अंतर पुन्हा स्पष्ट केले. त्या वर्षी ॲडोबीने आपल्या आज्ञावलींतील टाइप-१ फाँटचा आधार काढून घेतला. पीडीएफ आणि ईपीएसमध्ये अंतर्भूत असलेले हे फाँट दिसतात व छापले जातात. मात्र त्या फाँटमध्ये मजकुराची दुरुस्ती करता येत नाही. दृश्यरूप टिकले आणि घडण गेली.

अलीकडचा काळ :

संगणकाच्या पडद्यासाठी केल्या जाणाऱ्या आरेखनात हाच इतिहास नव्या स्वरूपात घडताना दिसतो. स्केच या आज्ञावलीने २०१७ मध्ये आपल्या फाइलीचे रूप खुले केले. २०१६ मध्ये सर्वांसाठी उपलब्ध झालेल्या फिग्माने फाइल पाठवण्याची गरजच कमी केली. तेथे अनेक जण एकाच आरेखनावर इंटरनेटद्वारे एकाच वेळी काम करतात. देवघेवीची अडचण दूर झाली, ती सर्वांनी एकाच आज्ञावलीत यावे या अटीवर. २०२२ मध्ये ॲडोबीने सुमारे दोन हजार कोटी डॉलरना फिग्मा घेण्याचे जाहीर केले; युरोपीय संघ आणि ब्रिटन येथील नियामकांच्या आक्षेपांमुळे डिसेंबर २०२३ मध्ये हा व्यवहार रद्द झाला. १९९४ मधील फ्रीहँडच्या प्रसंगाशी असलेले त्याचे साम्य लक्षात घेण्याजोगे आहे.

निष्कर्ष :

१. ईपीएस आणि पीडीएफ यांना यश मिळाले, कारण स्वीकारणाऱ्या आज्ञावलीने मूळ घडण समजून घ्यावी अशी अपेक्षा त्यांनी ठेवली नाही.

२. घडणीची देवघेव दोन कारणांनी अपुरी राहिली. सामायिक रूप नव्या वैशिष्ट्यांच्या मागे राहते, हे तांत्रिक कारण होय. आणि घडण खुली केल्यास ग्राहक सहज दुसरीकडे जाऊ शकतो, हे व्यापारी कारण होय.

३. रूपे खुली झाली ती मुख्यतः स्पर्धेच्या, मानक-संस्थांच्या किंवा वापरकर्त्यांच्या दबावामुळे. स्पर्धा संपली तेथे जुन्या फाइली निराधार झाल्या.

४. मराठीच्या बाबतीत मजकूर आणि फाँट यांची फारकत न झाल्याने फाइलीसोबत भाषेचे साहित्यही धोक्यात आले.

या पार्श्वभूमीवर प्रकाशनसंस्था, ग्रंथालये आणि महाविद्यालये यांनी प्रत्येक प्रकाशनाच्या तीन प्रती जतन करणे हितावह ठरेल : मूळ आज्ञावलीतील फाइल, फाँट अंतर्भूत असलेली पीडीएफ आणि संपूर्ण मजकुराची युनिकोडमधील साधी प्रत. पहिली प्रत आज्ञावली उपलब्ध असेपर्यंत दुरुस्तीला उपयोगी पडेल व दुसरी छपाईला. आज्ञावली कालबाह्य झाल्यानंतरही पुढील अभ्यासकाला मराठी शब्द शोधता येईल, तो मात्र तिसऱ्या प्रतीमुळेच. ज्या छापखान्यांत जुने संगणक आणि जुने फाँट अद्याप चालू स्थितीत आहेत, तेथील फाइलींचे रूपांतर ती साधने बंद पडण्यापूर्वी होणे निकडीचे आहे.